मुंगसाची समाधी

बेदगेलर्टला दोन नद्या आहेत आणि एक कबर. नद्या खऱ्या आहेत. कबरीवर गावातलं कुणी पैज लावणार नाही. पण बाहेरून आलेला माणूस बसमधून उतरला की आधी कबर कुठे ते विचारतो, आणि नदी त्याला त्या वाटेवर आपसूक भेटते.

उत्तर वेल्समधलं हे गाव पाचशेच्या आतल्या वस्तीचं. इंग्रज ज्याला स्नोडन म्हणत आले आणि वेल्श लोक यर विद्वा म्हणतात, तो 1085 मीटर उंचीचा डोंगर इथून जवळ. त्याच्या कुशीतल्या एका तळ्यातून ग्लासलिन नदी निघते. जुन्या तांब्याच्या खाणींमुळे त्या तळ्याच्या पाण्याला निळसर हिरवी झाक आहे. वाटेत आणखी तीन तळ्यांत थांबत नदी खाली येते, आणि गावाच्या मधोमध कॉलविन नावाची धाकटी नदी तिला येऊन मिळते. संगमाशेजारी दगडी पूल, पुलाभोवती काळ्या-करड्या दगडांची घरं, घरांवर पाटीच्या दगडाची छपरं. आपण शाळेत ज्या दगडावर पेन्सिलीने गिरवलं, त्याच जातीच्या दगडाने या भागातली घरं शाकारलेली आहेत. पाऊस पडला की सगळं गाव नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखं दिसतं. आणि पाऊस तर सारखाच पडतो. डोंगरमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. महाबळेश्वरकरांना त्यात नवल वाटणार नाही, पण तो बारा महिन्यांवर पसरलेला असतो हे ऐकून ते नक्की हळहळतील.

कबरीची वाट नदीकाठाने दक्षिणेला जाते. आधी लागतं सेंट मेरीचं चर्च. आज ते साधं, ठेंगणं दिसतं, पण तेराव्या शतकात इथे ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचा मठ होता, आणि त्याही आधी कुणा केल्टिक संताचं ठाणं असावं. वाटसरूंना, यात्रेकरूंना आसरा देणं हे मठाचं काम. 1280 च्या दशकात मठ जळाला, पुन्हा उभा राहिला, आणि आठव्या हेन्रीने देशातले मठ मोडीत काढले तेव्हा हाही मोडला. पाहुणे ठेवून घेण्याची गावाची सवय मात्र गेली नाही. चर्चच्या पुढे मेंढ्यांचं कुरण, कुरणात कुंपण घातलेला एक तुकडा, त्यात झाड आणि झाडाखाली उभे दगड. पाटीच्या दगडावर वेल्शमध्ये आणि इंग्रजीत मजकूर कोरलेला. मी गेलो तेव्हा कुंपणाशी एक कुटुंब उभं होतं. वडील मजकूर मोठ्याने वाचत होते, आणि त्यांचा स्वतःचा कुत्रा दोरीला हिसके देत मेंढ्यांकडे बघत होता.

मजकुरातली गोष्ट अशी. तेराव्या शतकात उत्तर वेल्समधल्या ग्विनेदवर थोरल्या लुएलिनचं राज्य होतं. राजा इतिहासातला, अगदी खरा. 1240 मध्ये वारला, इंग्लंडच्या जॉन राजाचा जावई. त्याचा लाडका शिकारी कुत्रा गेलर्ट. सासऱ्याने भेट दिलेला, असंही सांगतात. एके दिवशी शिकारीची शिंगं वाजली, पण गेलर्ट आला नाही. संध्याकाळी लुएलिन परतला तर गेलर्ट शेपटी हलवत सामोरा आला, आणि त्याचं तोंड रक्ताने माखलेलं. आत पाळणा उलटा पडलेला, अंथरुणावर रक्त, तान्हा मुलगा दिसेना. लुएलिनने तलवार उपसली. कुत्र्याच्या शेवटच्या किंकाळीला उत्तर म्हणून पाळण्याखालून रडणं ऐकू आलं. मूल सुखरूप होतं आणि त्याच्या शेजारी भलाथोरला लांडगा मरून पडला होता. राजाने कुत्र्याला इथे पुरलं आणि त्यानंतर तो कधी हसला नाही.

मराठी वाचकाला हे ओळखायला लांडग्यापर्यंत यायची गरज नाही. रक्ताळलेल्या तोंडापाशीच ओळख पटते. माझी आजी ही गोष्ट दुपारी निवडण-टिपण करताना सांगायची. तिच्या गोष्टीत राजा नव्हता. ब्राह्मणाची बायको पाण्याला गेलेली, घरी पाळण्यातलं बाळ आणि राखणीला पाळलेलं मुंगूस. साप येतो, मुंगूस त्याचे तुकडे करतं आणि कौतुक करून घ्यायला दारात धावतं. बायको त्याचं रक्ताळलेलं तोंड बघते आणि डोक्यावरचा भरलेला घडा त्याच्यावर आदळते. आजी इथे हातातलं सूप खाली ठेवायची, एवढं आठवतं.

ही पंचतंत्रातली गोष्ट, पाचव्या तंत्रातली, म्हणजे ‘अपरीक्षितकारका’तली. नीट न पारखता केलेल्या कामांचं ते तंत्र. मुंबई संस्कृत मालेचा पहिला ग्रंथ म्हणून एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणाऱ्या ब्यूलर यांनी 1868 मध्ये चौथं आणि पाचवं तंत्र संपादून काढलं, तेव्हा हे मुंगूस आपल्याकडे छापील पाठ्यपुस्तकात आलं. पण त्याच्या कितीतरी आधी ते इथून निघून गेलं होतं. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनोशिरवानच्या दरबारातल्या बुर्झुया नावाच्या वैद्याने पंचतंत्र पहलवीत नेलं. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते अरबीत आणलं, ‘कलीला व दिमना’ या नावाने. पुढे हिब्रू, मग तेराव्या शतकात लॅटिन. दुसऱ्या एका वाटेने हीच गोष्ट सात शहाण्यांच्या कथामालेत शिरली. तिच्यात सावत्र आईच्या आळामुळे फाशीची शिक्षा झालेल्या राजपुत्राला वाचवायला सात पंडित रोज एक गोष्ट सांगून वेळ काढतात. ती कथामाला चौदाव्या शतकात वेल्श भाषेतही उतरली होती. म्हणजे मुंगूस वेल्सच्या सीमेवर कधी पोचलं याचा कागद आहे. फक्त पोचलं तेव्हा ते मुंगूस राहिलं नव्हतं.

वाटेत त्याने जो वेश बदलला तो बघण्यासारखा आहे. अरबीत त्याची जागा त्याच्यासारख्याच सडपातळ, चपळ अशा वीझल नावाच्या प्राण्याने घेतली. युरोपात घरात मुंगूस पाळणारं कोण होतं? तिथे कुत्रा आला. साप मात्र बराच काळ टिकून राहिला. सात शहाण्यांच्या कथेत कुत्रा सापालाच मारतो. वेल्सच्या डोंगरात पाळण्याशी येणारा साप कुणाला पटणार? तिथल्या मेंढपाळांना भीती होती लांडग्याची, म्हणून लांडगा आला. ब्राह्मणाचा राजा झाला, घड्याची तलवार झाली. पाळणा तेवढा कुणी बदलला नाही. रक्त लागलेलं तोंड आणि दारात आनंदाने समोर येणंही तसंच राहिलं. ते आनंदाने येणंच मारेकऱ्याला सहन होत नाही, आणि गोष्टीचा जीव त्यातच आहे.

जोसेफ जेकब्ज या लोककथा-संग्राहकाचे केल्टिक आणि भारतीय परीकथांचे संग्रह एकाच सुमाराला, 1892 च्या आसपास निघाले. त्यानेच केल्टिक संग्रहाच्या टिपांमध्ये बेदगेलर्टचा कुत्रा आणि ब्राह्मणाचं मुंगूस यांची सोयरीक नीट जुळवून दाखवली. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या गोष्टीला 178अ हा क्रमांक आहे. तिची बहीण 178ब आपल्याकडे अजून ठिकठिकाणी ऐकू येते. बंजारा सावकाराकडे कुत्रा गहाण ठेवतो. कुत्रा चोरी पकडून देतो. खूश झालेला सावकार गळ्यात चिठ्ठी बांधून त्याला सोडतो, आणि वाटेत भेटलेला बंजारा पळून आला समजून त्याला मारतो. मग चिठ्ठी वाचतो. छत्तीसगडात बालोद जिल्ह्यात त्या कुत्र्याचं देऊळ आहे, कुकुरदेव.

देऊळ, कबर, समाधी. म्हणजे गोष्ट जमिनीत रोवायची हौस एकट्या वेल्सची नाही. बेदगेलर्टमध्ये ती कुणी रोवली तेही माहीत आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी, 1793 च्या सुमारास, दक्षिण वेल्समधून डेव्हिड प्रिचर्ड नावाचा माणूस इथे आला आणि खानावळवाला झाला. गोट हॉटेलचा मालक. ते दिवस डोंगर बघायला निघालेल्या हौशी प्रवाशांचे होते. फ्रान्सशी युद्ध चालू, त्यामुळे आल्प्सची वाट बंद, आणि इंग्रज रसिक वेल्सकडे वळलेले. गावाचं नाव तर तयारच होतं: गेलर्टची कबर. तेराव्या शतकातल्या कागदांतही ते मिळतं, आणि बहुधा केलर्ट की कायसा नावाच्या, विसरल्या गेलेल्या संतावरून पडलेलं आहे. कबर म्हटल्यावर प्रवासी विचारणारच, कुणाची? प्रिचर्डने गोष्ट पुरवली आणि पाठोपाठ कबरही. चर्चचा कारकून आणि आणखी एक गावकरी यांच्या मदतीने त्याने कुरणात दगड उभे केले. 1800 मध्ये विल्यम रॉबर्ट स्पेन्सर या कवीने त्यावर इंग्रजीत कथाकाव्य लिहिलं, आणि मग थांबवणं कुणाच्याच हाती राहिलं नाही.

त्याआधी नऊ वर्षं, 1791 मध्ये, तरुण वर्ड्‌स्वर्थ याच गावातून रात्री निघून, सूर्योदय बघायला, स्नोडनवर चढला होता. पुढे ‘द प्रेल्यूड’च्या शेवटच्या भागात त्याने त्या चढाईवर लिहिलं. ढगांच्या समुद्रावर चंद्र उगवलेला त्याला दिसला. गावात मात्र त्याच्या लेखी चार झोपड्या होत्या. कुत्र्याची कबर त्याला दिसली नाही, कारण प्रिचर्ड अजून यायचा होता. इंग्रजी कवितेतली सर्वांत मोठी डोंगरचढाई या गावातून सुरू होते आणि आज तिच्यासाठी इथे येणारे थोडे. जत्रा भरते ती कुत्र्याच्या कबरीवर. मला हे अजिबात अन्यायाचं वाटत नाही. चंद्र सगळ्यांना दिसतो. पाळणा उलटा दिसल्यावर हात कुठे गेला असता, ते ज्याचं त्याला ठाऊक.

प्रिचर्डला फसवणारा म्हणावं, असं काही लेखक सुचवतात. मला तो कीर्तनकारांच्या जवळचा वाटतो. कीर्तनकारही आख्यान आपल्या गावात आणून बसवतो, नदीला गावच्या नदीचं नाव देतो. फरक इतकाच की हा बुवा रात्री मुक्कामाचे पैसे घेत होता.

फ्रान्समध्ये याच गोष्टीचं वेगळं झालं. तेराव्या शतकात लिओं शहराजवळच्या खेड्यांत स्टीफन ऑफ बूरबॉं हा डॉमिनिकन धर्मगुरू प्रवचनं देत फिरत होता. बायका कबुलीत सांगू लागल्या की आजारी मुलं आम्ही संत गिनफोरकडे नेतो. चौकशी केली तर गिनफोर निघाला कुत्रा. तीच हकिगत: पाळणा, साप, उतावळा मालक. त्याला पुरलेल्या जागी झाडं लावलेली, आणि मुलं वाचवणाऱ्या त्या कुत्र्याला आया नवस बोलत होत्या. धर्मगुरूने हाडं उकरून जाळली, झाडं तोडायला लावली. पूजा नंतरही कित्येक शतकं चालू राहिली. त्या आयांना प्रवचनातलं ‘घाई करू नका’ नको होतं. त्यांना मूल राखणारा कुणीतरी हवा होता, आणि चूक कुणाची झाली हा प्रश्न त्यांनी कडेला ठेवला होता.

आपण मात्र तो प्रश्न कधीच सोडला नाही. पंचतंत्रात मुंगूस हा मुद्दा आहे, एका मोठ्या युक्तिवादातला. गोष्टीच्या पोटात गोष्ट, तिच्या शेवटी श्लोक, आणि श्लोक म्हटला की पुढचं प्रकरण. मुंगसाला कुणी पुरलं की नाही हे विष्णुशर्मा सांगत नाही. राजाच्या तीन मठ्ठ पोरांना शहाणं करायची त्याला घाई आहे. आणखी एक गंमत म्हणजे, प्रचलित पाठात घडा आदळते बायको, पण नवरा परतल्यावर ती त्यालाच सुनावते: तू दक्षिणेच्या लोभाने गेलास, माझं ऐकलं नाहीस, भोग आता. दोष घरभर फिरतो. वेल्समध्ये दोष एकट्या राजाचा, त्याला वाटेकरी नाही. तिथे शिकवण गळून गेली आणि दुःख उरलं. जुन्या वेल्श बोलण्यात फार पस्तावलेल्या माणसाला कुत्रा मारलेल्या माणसाची उपमा देत, ती प्रिचर्डच्या आधीपासून. त्या माणसाला नाव नव्हतं. खानावळवाल्याने त्याला राजा केलं, इतकंच.

कुत्र्याची समाधी म्हटल्यावर रायगड आठवला नाही असा मराठी माणूस विरळा. शिवरायांच्या समाधीजवळचा वाघ्या 1936 मध्ये उभा राहिला, होळकरांच्या देणगीतून. त्याला लोकांच्या मनात गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ने आधीच जागा करून दिली होती. समकालीन कागदांत त्याचा पत्ता नाही म्हणून 2012 मध्ये काहींनी पुतळा उखडला, तो परत बसवला गेला, आणि वाद अजून धुमसतोच आहे. बेदगेलर्टमध्ये वाद नाही. तिथे माहितीपत्रकावरच लिहिलेलं सापडतं की ही प्रिचर्डची करामत असावी, आणि ते वाचून झाल्यावर लोक कबरीशी जातात, कोपऱ्यातल्या पडक्या घरात ठेवलेल्या कांस्याच्या कुत्र्याचं डोकं कुरवाळतात. थोरला लुएलिन आज कुणाची अस्मिता पेटवत नाही, म्हणून तिथे हे सोपं आहे. रायगडावर ते सोपं नाही हे मला समजतं. पण दुसऱ्याच्या गावात तो निवांतपणा बघून हेवा वाटतोच.

या परिसरात बाहेरून आलेलं आणि बनवलेलं इतकं आहे की मूळचं काय हा प्रश्न हळूहळू मागे पडतो. गावाच्या ईशान्येला दिनास एमरिस नावाची झाडीतली टेकडी आहे. व्होर्टिगर्न राजा तिथे किल्ला बांधायचा आणि रात्रीत तो ढासळायचा. बिनबापाच्या एका मुलाने सांगितलं की खाली तळं आहे आणि तळ्यात दोन ड्रॅगन, तांबडा आणि पांढरा, झुंजताहेत. नवव्या शतकातल्या इतिहासग्रंथात ही कथा आहे. पुढे तो मुलगा मर्लिन जादूगार ठरला आणि तांबडा ड्रॅगन वेल्सच्या झेंड्यावर गेला. 1950 च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी माथ्यावर खणलं तर पाण्याच्या टाकीची जागा खरोखर निघाली. ड्रॅगन निघाले नाहीत.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी जवळच्या नांतमोरला चीन उभा राहिला. ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ या 1958 च्या चित्रपटासाठी वेल्श डोंगरउतारावर तटबंदीचं चिनी शहर बांधलं, इन्ग्रिड बर्गमन आली, आणि चिनी मुलं आणली लिव्हरपूलच्या चिनी वस्तीतून. चित्रीकरणातला सोनेरी बुद्ध पुढे पोर्टमेरियनला गेला. ते गावही एका वास्तुरचनाकाराने हौसेने उभारलेलं, इटलीच्या किनाऱ्याच्या धर्तीचं. बेदगेलर्टमध्येच पुढे आल्फ्रेड बेस्टल राहिला, रूपर्ट अस्वलाची चित्रकथा वर्षानुवर्षं काढणारा. तो जन्मला मंडालेला, ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात असताना. रूपर्टच्या चित्रांतल्या डोंगरांत इथले डोंगर दिसतात, असं त्याचे चाहते सांगतात.

नदीसुद्धा बदललेली आहे. गावाखाली ग्लासलिन एका अरुंद खिंडीत घुसते. कातळांतून पाण्याच्या अगदी कडेने कोळ्यांची जुनी पायवाट आहे, आणि काही ठिकाणी कातळाला लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत. त्या धरूनच पुढे जावं लागतं. खिंडीच्या तोंडाशी पूल आहे. दोनशे वर्षांपूर्वी भरतीचं पाणी त्या पुलापर्यंत यायचं. विल्यम मॅडॉक्स या जमीनदाराने 1811 मध्ये खाडीच्या मुखावर जवळपास मैलभर लांबीचा बांध पुरा केला आणि समुद्र मागे ढकलला. पुढच्याच वर्षी बांध फुटला, तेव्हा दुरुस्तीच्या वर्गणीसाठी शेली हा कवी धडपडत होता. तो तेव्हा तिथेच राहायला होता. आज पुलाखाली मेंढ्या चरतात. जवळच ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी 2004 पासून घरटं करतो; पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढतो आणि वसंतात परततो. खिंडीतल्या बोगद्यांतून छोट्या रुळांची रेल्वे जाते. ती 1930 च्या दशकात बंद पडली, युद्धकाळात रूळ उखडले गेले, आणि स्वयंसेवकांनी ती पुन्हा घातली. 2009 मध्ये गाडी परत बेदगेलर्टला आली. तिची दणकट इंजिनं मँचेस्टरला बनून दक्षिण आफ्रिकेत राबली आणि म्हातारपणी इकडे परतली.

सगळ्यांना जागा देणाऱ्या या गावाला स्वतःच्या मुलांना जागा देणं मात्र अवघड झालं आहे. ग्विनेदमध्ये 2021 च्या जनगणनेत 64.4 टक्के लोक वेल्श बोलणारे होते. हा वेल्शचा बालेकिल्ला. पण सुट्टीपुरती येणारी माणसं घरं विकत घेतात, किमती चढतात, तरुण पोरं बाहेर पडतात. 2024 मध्ये ग्विनेदमध्ये घराचं सुट्टीघर करायला परवानगीची अट आली. प्रिचर्डची चाल फळली ती जरा जास्तच, असं म्हणावंसं वाटतं, पण ते त्याच्या माथी मारणं खरं नव्हे. गावाजवळची सिगनची तांब्याची खाण 1903 मध्ये बंद पडली. तीही आज तिकीट काढून बघायची जागा आहे. दुसरा धंदा उरलाच नाही, तर गोष्ट विकायची नाही तर काय करायचं?

प्रिचर्ड 1821 मध्ये वारला, मृत्युपत्र न करता. त्याच्याविषयी गावात सांगतात ते असं. मेल्यानंतर तो रात्री हॉटेलच्या आसपास फिरताना दिसू लागला. लोक घाबरून वाट बदलायचे. शेवटी त्याच्या जुन्या गड्याने धीर करून विचारलं, मालक, काय राहिलं? मालक म्हणाला, दारूच्या खोलीतल्या चुलीच्या फरशीखाली शंभर गिनी आहेत, बाईंना सांग. आणि त्यांतल्या दोन तुझ्या. फरशी उचलली, पैसे निघाले, गड्याला त्याच्या दोन गिनी मिळाल्या, आणि प्रिचर्ड पुन्हा कुणाला दिसला नाही. जिने ही हकिगत मला सांगितली ती हॉटेलातली बाई कुत्र्याच्या कबरीविषयी हसत होती. हिच्याविषयी हसली नाही.